कळकलेला जॅम

कवठाला कुणी विचारत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. आम्ही नाशिकचे. द्राक्षांच्या हंगामात पाहुणा आला तर पेटी हातात दिल्याशिवाय त्याला सोडत नाही. पण कवठ? महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी रविवार कारंजावर पेठ-हरसूलकडच्या बायका पाट्या घेऊन बसतात. लोक जाता जाता एखादं उचलतात, महादेवापुढे ठेवतात, आणि मग ते घरात फ्रिजवर पडून राहतं. चार दिवसांनी कुणाला तरी वास येतो. "अगं, काय सडलंय बघ जरा!" झालं, गेलं कवठ कचऱ्यात. अरे, सडलं नाही बाबांनो, पिकलंय ते! आमच्या सोसायटीत मी हे इतक्या जणांना सांगितलंय की आता फेब्रुवारी उजाडला की लोक मला जिन्यात टाळतात.

माझं लहानपण ओझरच्या वसाहतीत गेलं. वडील विमानांच्या कारखान्यात फिटर. पुढे मीही तिथेच चिकटलो. पत्र्याला पॉलिश मारण्यापासून सुरुवात केली आणि तपासणी खात्यातून निवृत्त झालो. आमच्या क्वार्टरच्या मागे, कुंपणाला लागून, कवठाचं एक झाड होतं. काटेरी आणि बेभरवशाचं. एखाद्या वर्षी फांद्या वाकतील इतकं लगडायचं, एखाद्या वर्षी नुसताच पाला. त्याखाली सायकल लावायची नाही असा घरात नियम होता, कारण कवठ पडलं की धोंडाच. शेजारच्या पंजाबी काकांच्या स्कूटरचा आरसा असाच गेला. त्यांनी झाडाला ज्या शिव्या घातल्या त्या आम्ही पोरांनी तोंडपाठ केल्या आणि शाळेत जाऊन वापरल्या.

महाशिवरात्रीआधी कवठाला तोंड लावायचं नाही, हा आईचा कायदा. आधी महादेवाला, मग आपल्याला. आम्ही तो मोडायचो आणि हमखास सापडायचो, कारण कवठ चोरून खाता येत नाही. फोडताना आवाज होतो, आणि खाल्ल्यावर तोंडाला वास येतो तो येतोच. आई फक्त म्हणायची, "हा कर बघू." मग एक धपाटा.

महाशिवरात्रीचा उपास सुटला की दुसऱ्या दिवशी आई जॅमला बसायची. जॅम हा शब्द तिने वसाहतीतल्या बायकांकडून उचलला होता. तिच्या माहेरी त्याला कवठाचा मुरंबा म्हणत. पण आमच्या गल्लीत देशभरातली माणसं, तिथे मुरंबा म्हटलं की कुणाला कळायचं नाही, जॅम म्हटलं की सगळ्या वाट्या घेऊन हजर. आई एकेक कवठ गुडघ्याइतक्या उंचीवरून फरशीवर सोडायची. टण्णकन उडालं तर कच्चं, धप्प बसलं तर पिकलं. तिला दोन्ही लागायची. पिकल्याने स्वाद येतो, कच्च्याने जॅम धरतो, असं तिचं शास्त्र. मग वरवंट्याने फोडायचं, चॉकलेटी गर चमच्याने खरवडायचा, पाण्यात शिजवायचा, धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि त्या पाण्यात साखर घालून आटवत बसायचं. मोठं पितळी पातेलं होतं त्यासाठी. आई ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करायची. थेंब पळाला की "अजून नाही रे". थेंब जागच्या जागी थांबला की तिचा चेहरा असा काही व्हायचा, वा! तो चेहरा बघायला आम्ही दारात उभे राहायचो.

पातेल्याची खरवड कुणी खायची यावरून मी आणि माझी बहीण अक्षरशः झिंज्या ओढायचो. वर्षभर डब्यात पोळीच्या गुंडाळीत तो जॅम असायचा. वर्गातल्या पोरांकडे बाटलीतला लालभडक विकतचा जॅम, माझ्याकडे हा तपकिरी. मला तेव्हा लाज वाटायची. आता मात्र तो डबा उघडल्यावर येणारा वास आठवला की हातातलं काम तसंच राहतं.

लग्न झालं आणि ही आली. ही सटाण्याकडची, बागलाणातली. घरात आमच्यासारखं बोलते, पण राग आला, आनंद झाला किंवा माहेरचा फोन आला की थेट अहिराणी. हिची एक ख्याती आहे आणि ती मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका, निदान तेव्हा तरी नव्हतं. हिला खाण्यातलं कळतं आणि ते पोटात ठेवता येत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून सांगेल, मठ्ठ्याला आलं जास्त झालंय. हॉटेलात सांबार चाखून वेटरला विचारेल, सकाळचं आहे का हो? माझ्या बहिणीने हौसेने केलेल्या पुरणपोळीला हिने "चांगली आहे, पण जायफळ जुनं आहे" असं म्हटलं, आणि बहीण वर्षभर फुगून बसली. माझी आई मात्र हिच्यावर खूश होती. "हिच्यासमोर स्वयंपाक करायला मजा येते," म्हणायची, "बाकी सगळे नुसते गिळतात." बाकी सगळे म्हणजे मी आणि वडील.

दोघींचं जॅमवरून दरवर्षी वाजायचं. हिचं म्हणणं गूळ घाला, आईचं म्हणणं साखरच. शेवटी आई थकली तेव्हा कालथा हिच्या हातात आला, आणि गंमत बघा, हिने एकदाही गूळ घातला नाही. आई गेली. आम्ही ओझर सोडून इकडे अंबडच्या बाजूला फ्लॅट घेतला. पितळी पातेलं माळ्यावर गेलं, ही स्टीलच्या पातेल्यात जॅम करू लागली. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. जॅमची एक बाटली तिला जायची, बाकीचा मी एकटा संपवायचो. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग गेल्या पावसाळ्यात हिला गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, मग ते औषधांचे डोस. त्याचं वर्णन मी करणार नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून उपयोग नाही. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, आजार आटोक्यात आहे, डोस संपले, आता फक्त अंगावर मांस चढू द्या. फक्त! बोलायला काय जातं? ही खाईनाच. म्हणजे ताट पुढे ठेवलं की खायची, चार घास, शहाण्या मुलीसारखी. मी केलेला भात, मी केलेली आमटी, ज्यात पहिल्या दिवशी मीठ दोनदा पडलं होतं. मी भीतभीत विचारलं, "कसं झालंय?" ही म्हणाली, "छान आहे."

छान आहे! आमच्या संसारात हा शब्द मी आमटीबद्दल कधी ऐकला नव्हता. शेजारणीने कणकेचे गोळे घातलेली वरणफळं आणून दिली, छान आहे. मेसचा डबा लावला, त्यातली ती रबरासारखी पोळी, छान आहे. मुलगी पुण्याहून आली, तिने सूप केलं, तेही छान आहे. मुलगी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून रडली. "बाबा, आई माझ्या सूपला छान म्हणाली," असं म्हणत रडली. ज्यांना हिचा स्वभाव माहीत नाही त्यांना वाटेल, ह्यात रडण्यासारखं काय?

एकदा मी खोदून विचारलं तेव्हा ही म्हणाली, "चव लागत नाही हो. सगळं एकसारखं लागतं. तुम्ही एवढं करता, कशाला नावं ठेवू?" डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बऱ्याच जणांची चव परत येते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा, कुणाची पूर्ण येत नाही. मी त्यांना आणखी काही विचारलं नाही. हिची जीभ गेली तर ही माणूस म्हणून उरेल, पण माझी बायको किती उरेल? हा विचार वाईट आहे हे मला कळतं. पण आला खरा.

फेब्रुवारीत एका सकाळी ही खिडकीशी बसली होती. आपण होऊन म्हणाली, "कवठं आली असतील ना बाजारात? आईंच्या हातच्या जॅमसारखा जॅम खावासा वाटतोय."

खावासा वाटतोय! कित्येक महिन्यांत हिला काही खावंसं वाटलं नव्हतं. मी चहाचा कप तसाच ठेवला आणि चप्पल घातली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो मीच. मागून ही म्हणतेय, "अहो, महाशिवरात्र व्हायचीय अजून!" मी म्हटलं, आजाऱ्याला महादेव माफ करतो, आणि जिना उतरलो.

कवठं घरी आणली, फरशीवर सोडून बघितली. खालच्या मजल्यावरून लगेच बेल वाजली, की काका, दुरुस्ती चालू आहे का. त्यांना कवठाची परीक्षा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, पण त्यांचा चेहरा काही सुधारला नाही. ही खोलीतून म्हणाली, "स्टीलचं मोठं पातेलं घ्या, खालच्या कप्प्यात आहे." मी म्हटलं, "छे, छे. आईचा जॅम आईच्याच पातेल्यात." ही पुन्हा म्हणाली, "स्टीलचं घ्या हो." पण माझ्या अंगात एकदा आलं की मग मी कुणाचं ऐकतो होय? शिडी लावून माळ्यावरून पातेलं काढलं.

बाहेरून पार काळवंडलेलं. आतून तर बघवत नव्हतं. सगळीकडे करड्या रंगाचा थर, मधूनमधून काळे डाग, कुठे कुठे पोपडे. मी म्हटलं, बाप रे, किती वर्षांची घाण ही. आणि मग मी ते केलं जे फक्त विमानाच्या पत्र्यावर आयुष्य काढलेला माणूस करील. बाहेरून चिंच लावून घासलं. आतून मात्र कपाटातला माझा पॉलिश पेपर काढला. आधी जाडा, मग मध्यम, मग बारीक. गोल गोल, एका दिशेने, शिकवलं होतं तसं. दुपार गेली, हाताला फोड आला, पण पातेलं आतून असं पिवळंधमक झालं की त्यात माझा चेहरा दिसायला लागला. मी ते हिला नेऊन दाखवणार होतो. ही झोपली होती, म्हणून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

जॅम मात्र मन लावून केला. गर काढला, शिजवला, फडक्यातून गाळला. साखर अंदाजाने. आटवता आटवता घरभर तो वास सुटला आणि मी कालथा हातात धरून ओझरच्या स्वयंपाकघरात जाऊन पोहोचलो. आईचा खोचलेला पदर, बहिणीच्या वेण्या, दारात वाटी घेऊन उभ्या असलेल्या तामिळ मामी, ज्या आईच्या जॅमवर वरून गूळ किसून घ्यायच्या आणि आई मनातल्या मनात चडफडायची. डोळ्यांत पाणी आलं. काही कवठाच्या वाफेने, काही तसंच. थेंब ताटलीत टाकला, ताटली तिरकी केली. थेंब हलला नाही! रंग जरा जास्त काळपट वाटत होता, पण म्हटलं असेल, कवठं जास्त पिकली असतील. बाटल्या धुऊन ओल्याच होत्या, म्हणून जॅम तसाच पातेल्यात झाकून ठेवला.

सकाळी वाटीत काढून हिला दिला. हिने चमचाभर तोंडात घातला. मी समोर उभा, शाळेत निकाल लागायचा तेव्हा असायचो तसा. ही म्हणाली, "छान झालाय." आणि दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. मी तिथून सरळ बाल्कनीत गेलो आणि मुलीला फोन लावला. "खातेय! आपल्या हाताने खातेय!" मुलगी तिकडे ओरडलीच.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात आलो आणि हक्काने पातेल्यातली खरवड बोटाने काढून तोंडात घातली.

आई गं! काय ती चव. आधी हिरवट, मग कडू, आणि मग घशापर्यंत नुसता धातू. लहानपणी तांब्याचा पैसा तोंडात धरून बसायचो ना, तसं, पण त्याच्या शंभरपट. थुंकलो. पातेल्याच्या काठाला बघितलं तर जिथे जॅमची रेघ होती तिथे हिरवी कड. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तो करडा थर घाण नव्हती. ती कल्हई होती! पितळेला आंबट लागू नये म्हणून आई दरवर्षी आत कथलाचा लेप लावून घ्यायची, ती कल्हई. तिने शेवटची लावून घेतलेली, आणि मी ती पॉलिश पेपरने घासून काढली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. एवढं आंबट फळ नागड्या पितळेत रात्रभर ठेवल्यावर ते कळकणार नाही तर काय होणार?

मी धावत खोलीत गेलो आणि हिच्या हातातून वाटी हिसकावली. अर्धी झाली होती.

"अहो, काय झालं?"

"टाक ते! थुंक! कळकलाय तो जॅम. पितळ उतरलंय सगळं. तुला कळलं कसं नाही? तोंडात धरवत नाहीये, जिभेवर नुसता धातू येतोय!"

मी ओरडतच होतो. हिने शांतपणे तोंड पुसलं आणि म्हणाली, "असं होय? मला वाटलं नेहमीसारखंच आहे. मला सगळंच असं लागतं."

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. तोंडात ती चव अजून होती, पाणी पिऊनही जात नव्हती. सगळंच असं. म्हणजे माझा वरणभात असा, मुलीचं सूप असं, चहा असा, पाणीसुद्धा असं. आणि महिनोन् महिने ही बाई ते गिळत होती आणि वर मला छान आहे म्हणत होती. मी इतके दिवस समजत होतो की चव लागत नाही म्हणजे बेचव लागतं, पांढऱ्या भातासारखं. कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं, किंवा मी नीट विचारायला हवं होतं. मी हिचा हात धरला. शेवटी हीच म्हणाली, "जाऊ द्या हो. त्याची कल्हई जुनी झालेली, म्हणून तर म्हटलं होतं स्टीलचं घ्या. कारण सांगायला दम नव्हता."

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला आधी झापलं, मग काय काय लक्ष ठेवायचं ते सांगितलं. हिला दिवसभर मळमळलं, संध्याकाळी बरं वाटलं. माझी मात्र दोन दिवस जीभ साफ होईना, आणि खरं सांगतो, ती होऊ नये असंच कुठेतरी वाटत होतं. हिला जे लागतं ते मलाही लागू दे, असं. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, ते पातेलं भंगारात द्या आणि जॅम ऑनलाइन मागवा, मिळतो." मी म्हटलं, मिळत असेल, तू मागव. आणि फोन आपटला. नंतर पुन्हा लावून सॉरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पातेलं पिशवीत घालून जुन्या नाशकात गेलो. भांडीबाजारात विचारत सुटलो. कल्हई? लोक माझ्याकडे बघून हसायचे. एकाने सांगितलं, आता स्टीलच घ्या आजोबा, एक्सचेंज देतो. आजोबा म्हणाला याचा राग आला, पण गिळला. शेवटी तांबट आळीच्या एका बोळात एक म्हातारे गृहस्थ भेटले, त्यांचा मुलगा अंबडला कंपनीत जातो आणि ते सणासुदीपुरती कल्हई करतात. त्यांनी पातेल्याच्या आत बघितलं. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मीच." ते म्हणाले, "फिनिशिंग चांगलंय." आम्ही दोघंही हसलो.

त्यांनी भट्टी पेटवली, पातेलं तापवलं, नवसागराची पूड टाकली. भक्कन पांढरा धूर उठला आणि तो वास आला. अहाहा! ओझरला झाडाखाली खड्डा करून कल्हईवाला बसायचा, वसाहतीतल्या सगळ्या बायकांची भांडी ओळीने, आम्ही पोरं भात्याची दोरी ओढायला मिळावी म्हणून त्याच्या मागे लागलेलो, आणि आई कमरेवर हात ठेवून त्याच्याशी वाद घालतेय, की कथील हात आखडून लावू नकोस बाबा, माझं आंबटाचं भांडं आहे. आंबटाचं भांडं! हे वाक्य मी दरवर्षी ऐकलं होतं. दरवर्षी! आणि नेमकं त्या दुपारी ते आठवलं नाही. गृहस्थांनी कथील फिरवलं, कापसाने एक हात मारला, आणि बघता बघता पातेलं आतून चांदीसारखं झालं. मी ते छातीशी धरून रिक्षात बसलो, अजून गरम होतं.

हिला मी काहीच बोललो नाही. पुन्हा जॅम करतोय म्हणायची हिंमतच नव्हती. महाशिवरात्रीला सकाळी देवळात जाऊन आलो, कवठ वाहिलं, काय मागितलं ते उघड आहे. परत येऊन गुपचूप सुरुवात केली. पण कवठ गुपचूप करता येत नाही. फोडल्याचा आवाज झाला आणि ही भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात आली. खुर्ची ओढून बसली. मला वाटलं आता सूचना सुरू होतील. पण नाही. ही बसून राहिली, मी ढवळत राहिलो. मधेच म्हणाली, "आईंना तुमचा हात बघून हसू आलं असतं." मी म्हटलं, "येऊ दे."

या वेळी साखर घालताना माझा हात थांबला. मुलीने कुठेतरी वाचून सांगितलं होतं की साखर कमी द्या, बाबा. म्हटलं, हिला कुठे कळणार आहे? थोडी कमीच घातली. कमी साखरेचा जॅम लवकर धरत नाही, थेंब पळतच राहिला, पाय दुखायला लागले. शेवटी एकदाचा थांबला. लगेच काचेच्या वाटीत काढला, आधी स्वतः चमच्याच्या टोकाने चाखून बघितला, की धातूची चव नाही ना. नव्हती. एवढंच बघितलं.

वाटी हिच्या हातात दिली. उपासाला चालतो, काही हरकत नव्हती. हिने फुंकर मारून चमचा तोंडात घातला. मी ओट्याकडे तोंड करून पातेलं खरवडत उभा राहिलो. मला पुन्हा ते ऐकायचं नव्हतं. छान झालाय म्हणेल आणि मी हो हो म्हणेन, आणि दोघंही वाटी संपवू, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

मागून काहीच आवाज येईना. मी वळलो.

हिने एक डोळा गच्च मिटला होता. तोंड वाकडं, खांदे वर, सगळा चेहरा गोळा झालेला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी झालं. मी पुढे धावलो. हिने हात वर करून मला थांबवलं, घोट गिळला आणि माझ्यावर खेकसली, "आंबट शे! किती आंबट शे हो हाई! साखर काय सोनाराच्या काट्यावर मोजून घातली का? आईंनी हे दारात ठेवू दिलं नसतं!"

"काय?" मी म्हटलं.

"आंबट! दात आंबले माझे. आणि कच्ची कवठं जास्त झालीत, तुरट लागतंय मागून. तुम्हाला नीट बघून..." आणि ही बोलता बोलता थांबली. चमचा हातात तसाच. माझ्याकडे बघत राहिली. हळूच अजून एक चमचा घेतला, अगदी थोडा. पुन्हा डोळा मिटला. आणि मिटलेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं.

मी जॅम नीट चाखून बघितला. खरंच आंबट होता. आणि मागून तुरट, हिने सांगितलं तसाच.

मी मुलीला फोन लावला. तिने घाबरून विचारलं, "बाबा, काय झालं? बोला ना. आईला काही झालं का?" स्वयंपाकघरातून हिचा आवाज येत होता, अजून साखर घाला आणि पुन्हा गॅसवर ठेवा म्हणून.

"आंबट लागलं गं तिला," मी म्हटलं. "आंबट लागलं."